टाचेतलं पाणी

बोदराटोल्याच्या तलावाला कागदोपत्री मालक होते, पण हुकूम चालायचा बकारामाचा. मालगुजारी होती तोवर तलाव मालगुजाराचा होता, मालगुजारी गेली तसा तो सरकारजमा झाला. अर्जुनी मोरगावहून एक साहेब आला, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून त्याने पाण्याकडे पाहिलं, पान खाल्लं आणि निघून गेला. पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं हे त्यानंतरही बकारामच ठरवत राहिला. त्याच्या बापानेही जन्मभर तेच केलं होतं. अशा माणसाला आमच्याकडे पाणकर म्हणतात.

पाणकराचं काम पाणी सोडण्याचं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खरं काम पाणी न सोडण्याचं. पाळीला लागून तलावाच्या पोटात दगडी तुडूम असतो, त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटा ठोकलेला. बुडी मारून खुंटा उपसला की पाणी पाटात धावतं. हे कुणालाही जमेल. पण आश्विन लागला, पावसाने तोंड फिरवलं, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या लोंब्या बाहेर पडायला लागल्या, की सगळ्या गावाचा जीव खालीवर होतो. तलावात पाणी एकाच वेळेपुरतं. लवकर सोडलं तर ओल्या बांधीतून वाहून नाल्यात जातं आणि दाणा भरायच्या वेळी पाट कोरडा. उशीर केला तर लोंबीत नुसतं फोल. ही मधली वेळ हुडकायची, आणि ती येईपर्यंत गावाच्या शिव्या खायच्या, ही पाणकरकी.

बकाराम ती वेळ टाचेने हुडकायचा. रोज सकाळी एकेका बांधीत अनवाणी उतरायचा, धानाच्या दोन ओळींमध्ये उभा राहून सगळा भार एका टाचेवर द्यायचा आणि पाय उचलून खळग्याकडे बघत राहायचा. खळग्यात पाणी जमलं तर तुडूम बंद. खळगा कोरडा राहिला, टाचेला चिखल नुसता गार लागला, की समजायचं वेळ झाली. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर उभे असलेले लोक विचारायचे, "का म्हणते टाच?" तो एकच शब्द बोलायचा, "थांबा." आणि पाठ फिरवून पुढच्या बांधीकडे चालायला लागायचा. मागून कोण काय बोलतं ते त्याने कधी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर भांडणं झाली असती, कारण लोक फार वाईट बोलायचे.

पाणकराची स्वतःची बांधी पाटाच्या शेवटी असायची, हा गावाचा जुना रिवाज. वाढणाऱ्याने आधी आपलं ताट भरू नये म्हणून. बकारामाच्या धुऱ्याला लागून सुलोचनाबाईची बांधी होती. तिचा नवरा गोंदियाला धानाच्या गिरणीत कामाला, सणावारी घरी यायचा, त्यामुळे शेती बाईच करायची. नांगराला माणूस लावायची, बाकी सगळं स्वतः. तिची जीभ तिखट होती आणि तिला ती आवरायची कधी गरज वाटली नव्हती.

तर अशा या बकारामाच्या डाव्या गालात पंचावन्न साली फोड आला. तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षं जिथे ठेवायचा, नेमका तिथेच. फोड बरा होईना, तेव्हा देवकाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, हट्ट धरून त्याला नागपूरला नेलं. तिथे डॉक्टरांनी क्यान्सर म्हणून सांगितलं, गालाचा आतला भाग कापला आणि पुढे कितीतरी दिवस विजेचे शेक दिले. बकाराम परत आला तो वाकड्या तोंडाचा. हसला की डावी बाजू जागची हलायची नाही, पाणी पिताना कोपऱ्यातून ओघळ यायचा. पण आला. गावाने त्याला पाळीवर पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला, मग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शिव्या द्यायला लागलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की अधूनमधून गोंदियाला जाऊन दाखवायचं, रक्त तपासायचं. दोन वर्षं सगळं ठीक निघालं. सत्तावन्न सालच्या पोळ्यानंतर तो छोट्या रुळाच्या गाडीने गोंदियाला गेला तेव्हा मात्र डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"देखो बकाराम," डॉक्टर म्हणाले, "गाल साफ आहे, मानेत गाठ नाही. रक्तात पांढऱ्या पेशी थोड्या ज्यादा आहेत. थोड्याच."

"मंजे बिमारी वापस आली का जी?"

"असं मी म्हणत नाही."

"मंग नाई आली."

"तेही मी आज म्हणत नाही." डॉक्टर भले होते, त्यांना खोटा धीर देता येत नव्हता. त्यांनी समजावून सांगितलं की चिखलात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या पायातून बारीक किडे अंगात शिरतात, त्यांच्यामुळेही या पेशी वाढतात. "किड्यांचं औषध देतो. पण औषध घेऊन पुन्हा चिखलात गेलात तर मला काहीच कळणार नाही. दिवाळीपर्यंत उघडा पाय चिखलात नको. नंतर परत रक्त पाहू. तब तक थांबा."

बकारामाने गोंदियाच्या बाजारातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले आणि ते घालूनच गावात शिरला. लोकांना करमणूक झाली. पाटाच्या तोंडाशी ज्याची पहिली बांधी होती त्या कवडूने तर उठून सलाम ठोकला, "या साहेब, बसा." बकारामाने पायाला कुरूप झालं म्हणून थाप मारली. खरं काय ते फक्त देवकाबाईला ठाऊक होतं.

'थोड्या ज्यादा' हा काय निरोप झाला? आली म्हटलं असतं तर माणूस रडला असता, नागपूरची वाट धरली असती. नाही म्हटलं असतं तर गणपतीला नारळ फोडून मोकळा झाला असता. या अधल्यामधल्या उत्तराने बकारामाला कुठलंच करू दिलं नाही. त्याची जीभ दिवसभर गालाच्या आतल्या व्रणावरून फिरत राहायची. बोलता बोलता हात मानेकडे जायचा, जबड्याखाली चाचपायचा, आणि आपण चाचपतो आहोत हे लक्षात येताच उपरणं सारखं केल्याचं सोंग करायचा. डास चावून गांधी उठली तरी तो ती दिवसभर दाबून बघायचा. भाजी अळणी लागली की आता चव गेली, भूक लागली नाही की आता भूक गेली. तो भित्रा माणूस नव्हता. पुराच्या पाण्यात बुडी मारून खुंटा ठोकणारा माणूस होता. पण पाण्याची भीती बाहेरून येते, तिच्याशी झटता येतं. ही त्याच्याच रक्तात बसून होती.

मग त्याने निरवानिरव सुरू केली. भर पावसाळ्यात घरावरची कवेलू फेरायला काढली. कुंपण नवं केलं. फुलचूरला दिलेल्या लेकीला निरोप धाडला की या दिवाळीला लवकर ये. देवकाबाई सगळं पाहत होती.

"कोन्या गावाले जाऊन राहिले जी तुमी?" तिने एकदा विचारलं. 

"कायले?"

"नाई, असं घर आवरून राहिले म्हनून पुसलं."

तो कुंपणाच्या काड्या बांधत राहिला. तिनेही पुढे विचारलं नाही, कारण तिलाही उत्तर ऐकायची छाती नव्हती.

आश्विन लागला. पाऊस नेहमीसारखा गेला. भारी धान निसवायला लागला आणि लोक धुऱ्यावर गोळा व्हायला लागले. बकाराम रोज फेरी मारायचा, पण यंदा बांधीत उतरायचा नाही. धुऱ्यावरूनच बघायचा. बूट घालून एकदा उतरून पाहिलं होतं, तर रबराला ना ओल कळली ना गारवा. मग त्याने डोळ्यांवर भरवसा टाकला. आणि त्या डोळ्यांना यंदा सगळा धान तहानलेला दिसत होता. पानांची टोकं पिवळी दिसत होती, जमिनीला भेगा दिसत होत्या. दिवाळीनंतर आपल्याला नागपूरला न्यावं लागलं तर गावाला पाणी कोण देणार, हा विचार त्याच्या डोक्यातून हलत नव्हता. आपल्या हाताने एवढं एक पाणी देऊन टाकू, मग काय व्हायचं ते होवो. दसरा अजून यायचा होता तरी एका सकाळी त्याने बूट पाळीवर काढले, धोतर खोचलं आणि चिखलाला पाय न लावता दगडांवरून तलावात उतरला.

त्याच्या तोंडाची डावी बाजू आता घट्ट मिटत नसे. बुडी मारली की पाणी आत शिरायचं. तरी त्याने वरचा खुंटा उपसलाच आणि खोकत खोकत पाळीवर आला. पाटात पाणी धावलं. कवडू पळत आला, त्याचा विश्वासच बसेना.

"काऊन गा बकाराम, एवढ्या लवकर?"

"तुले नको असन तर सांग."

"मी कायले नको म्हनू!" कवडू म्हणाला आणि फावडं घेऊन आपल्या बांधीचं तोंड उघडायला धावला. बाकीच्यांनीही हेच केलं. ज्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षं पाण्यासाठी लागावं लागलं तो आपण होऊन पाणी देतो म्हटल्यावर कोण त्याच्याशी वाद घालत बसणार? 

दुपार कलायच्या सुमारास सुलोचनाबाई पाळीवर आली. डोक्यावर पदर, हातात विळा, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले.

"भाऊ, बांधीत उतरले होते का?"

"पाह्यलं मी."

"पाह्यलं तर रस्त्यानं जानाराबी पाहाते. उतरले होते का?"

"तू मले पानकरकी शिकवशील का वो?" बकाराम ओरडला. पाळीवरची माणसं वळून बघायला लागली. त्याचं वाकडं तोंड रागाने आणखी वाकडं झालं होतं. "माह्या बापानं..."

"तुमच्या बापानं बूट नोयते घातले," सुलोचनाबाई म्हणाली. "माह्या बांधीत आताच टाच देऊन आली मी. पाटाचं पानी अजून तिथवर आलं नाई, तरी खड्डा भरून पानी येऊन राहिलं. बाकी तुमचं तुमी जाना."

ती आली तशी निघून गेली. बकाराम थोडा वेळ पाळीवर उभा राहिला, मग पाटाच्या कडेने चालत शेवटाकडे गेला. आपल्या बांधीच्या धुऱ्यावर बसला. समोर धान उभा होता, हिरवागार. सकाळी ज्या पानांची टोकं पिवळी वाटली होती ती पानं आता त्याला शोधूनही सापडेनात. त्याने बुटांकडे पाहिलं. दिवाळी अजून पुढे होती. आता पाय चिखलात टाकला तर एवढे दिवस पाळलेलं पथ्य मातीत जाणार होतं. रक्त पुन्हा तेच बोललं तर ते किड्यांचं की त्या दुसऱ्याचं, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नव्हतं. एवढ्या एका उत्तरासाठी तो कसे दिवस काढत होता, ते त्याचं त्यालाच माहीत.

त्याने बूट काढले. बांधीत उतरला, दोन ओळींमध्ये उभा राहिला, सगळा भार टाचेवर दिला आणि पाय उचलला. खळगा भरायला फार वेळ लागला नाही. स्वच्छ पाणी वर आलं आणि काठाला टेकलं.

बकाराम तसाच वाकून त्या पाण्याकडे बघत राहिला. त्याला लाज वाटली, इतकी की गावातला एकही माणूस समोर नसताना त्याने उपरण्याने तोंड झाकलं. मग तसाच चिखलाच्या पायांनी धावत सुटला.

तुडूम बंद करणं उघडण्यापेक्षा अवघड, कारण भोकातून पाणी ओढत असतं. पहिल्या बुडीत तोंडात पाणी भरलं आणि तो गुदमरून वर आला. दुसऱ्या बुडीतही तेच. कवडू काठावरून ओरडत होता, "का करून राहिला गा? मरशील ना!" शेवटी कवडूच धोतर खोचून उतरला. बकारामाने वरून सांगितलं, कवडूने खाली हाताने चाचपून खुंटा भोकात बसवला आणि दगडाने ठोकला. पाट हळूहळू शांत झाला. तोवर अर्ध्या गावाच्या ओल्या बांध्यांमधून पाणी नाल्यात उतरलं होतं.

सगळं गाव पाळीवर जमलं. आता भांडण होणार म्हणून काही जण मुद्दाम आले होते. बकाराम ओल्या धोतराने उभा राहिला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, पांढऱ्या पेशी, किडे, बूट, सगळं. "मी घाबरलो," तो म्हणाला. "धान तहानला नोयता. मीच घाबरलो होतो. मी गेल्यावर पानी कोन देईन म्हनून देऊन टाकलं."

बकारामाच्या तोंडून एवढी वाक्यं एका दमात गावाने कधी ऐकली नव्हती. देवकाबाई मागे उभी होती, तिने पदर तोंडात धरला होता.

"तुमी गेल्यावर पानी कोन देईन, ते आमी पाहू," सुलोचनाबाई म्हणाली. "पन तुमी असून पानी चुकलं, त्याचं का करावं?" 

बकारामाने ओल्या धोतराचा सोगा पिळला.

"आन बूट कायले काढले?" तिचा आवाज आता चढला. "डाक्तरनं नको म्हनून सांगतलं होतं ना? मंग गावात टाचा का कमी आहेत? माही टाच आहे, कवड्याची आहे. एवढ्या टाचा असून तुमी एकट्यानं कायले घोर घेतला?"

"माही टाच भेगाडली आहे," कवडू म्हणाला, "पन चालन." कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले आणि गर्दी पांगली. तलावातलं गेलेलं पाणी काही हसण्याने परत येणार नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. पण त्या दिवशी ते कुणी बोलून दाखवलं नाही.

त्यानंतर बकाराम बूट घालून धुऱ्यावर उभा राहायचा आणि बांधीत कवडू नाहीतर सुलोचनाबाई उतरायची. "भार पुरा दे. हलू नको. आता पाय काढ." खऱ्या वेळेला खालचा खुंटा कवडूने उपसला. पाणी पुरवून पुरवून फिरवलं, तरी शेवटाला पाट आटलाच. सुलोचनाबाईची बांधी कशीबशी ओली झाली. बकारामाच्या बांधीत पाणी पोचलं नाही. त्या साली त्याच्या लोंब्यांमध्ये निम्मं फोल निघालं, ते देवकाबाईने पाखडून काढलं.

दिवाळी झाली. लेक येऊन गेली. बकाराम आणि देवकाबाई गोंदियाला गेले. बोटातून रक्त घेतलं, बाकावर बसवलं, मग डॉक्टरांनी एकट्या बकारामाला आत बोलावलं.

"चिखलात गेला नाहीत ना?"

"एक डाव गेलो जी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकच गोष्ट सांगितली होती, बकाराम."

"हाव."

डॉक्टरांनी चष्मा परत लावून कागद पाहिला. मग म्हणाले, "आहे तितकंच आहे. वाढलेलं नाही. उतरलेलंही नाही. गाल, मान ठीक. आता होळीपर्यंत थांबा, तेव्हा परत पाहू."

बकाराम बाहेर आला. देवकाबाई भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसली होती, सोडलेलंही नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"का म्हनते?"

"थांबा म्हनते," बकाराम म्हणाला आणि त्याला हसू आलं. डावी बाजू जागची हलली नाही, पण उजवी बाजू पुरी हसली. देवकाबाईला आधी वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. तिला काय माहीत की धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांना हा शब्द कसा लागत असेल, हे तिच्या नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने फडकं सोडलं, भाकरी त्याच्या हातात दिली, आणि दोघं तिथेच बाकावर बसून जेवले.

होळीलाही डॉक्टर तेच म्हणाले, आणि पुढच्या पोळ्यालाही. रक्त कधी जरा वर, कधी जरा खाली. पांढऱ्या पेशींनी आपलं खरं काय ते बकारामाला कधीच सांगितलं नाही. तोही विचारून विचारून थकला, मग विचारणं त्याने कमी केलं. मानेकडे हात जाणं थांबलं नाही. फक्त उपरणं सारखं केल्याचं सोंग त्याने सोडून दिलं.

साठ साली आश्विनात पाऊस लवकर गेला. धुऱ्यावर गाव जमलं. सुलोचनाबाई बांधीत उतरली, टाच दिली, पाय उचलला. खळग्यात पाणी आलं.

"थांबा," बकाराम म्हणाला.

पूर्वी तो असं म्हणून पाठ फिरवायचा. आता त्याने उपरणं झटकलं, धुऱ्यावर अंथरलं आणि बुटांसकट पाय पसरून लोकांमध्ये बसला. कुणी धानाबद्दल बोललं, कुणी नशिबाला बोल लावला, कवडूने दोन शिव्या दिल्या. बकाराम सगळं ऐकत बसून राहिला. सुलोचनाबाई पाय धुऊन वर आली आणि त्याच्या बाजूला टेकली.

"भाऊ, तुमचं रक्त कवा पाहाचं आहे?"

"दिवाळी झाल्यावर."

"मंग आमीबी थांबतो," ती म्हणाली.